'हिअर्स लिटल रिचर्ड' (१९५७) : गीत, आवाज आणि मालकीहक्क – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मार्च १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथील स्पेशॅलिटी रेकॉर्ड्स या कंपनीने 'हिअर्स लिटल रिचर्ड' हा बारा गीतांचा अल्बम प्रकाशित केला. रॉक अँड रोल संगीताच्या इतिहासात त्याला पायाभूत स्थान दिले जाते. प्रस्तुत लेखात या अल्बमचा विचार केवळ संगीतकृती म्हणून केलेला नाही. गीत, आवाज आणि गायकाची प्रतिमा यांची मालकी कोणाकडे होती, या प्रश्नाच्या अनुषंगाने तो केला आहे. तत्कालीन अमेरिकन कायद्याने गीताला संरक्षण दिले होते. ते गाणाऱ्या आवाजाला दिले नव्हते. या विसंगतीचा परिणाम कृष्णवर्णीय कलावंतांवर कसा झाला आणि अल्बम या माध्यमाने तिला कितपत उत्तर दिले, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : रॉक अँड रोल, रिदम अँड ब्लूज, ध्वनिमुद्रण, स्वामित्वहक्क, वंशभेद, अल्बम.

प्रस्तावना

विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गायक आणि गीते यांच्याकडे जाते. गीत ज्या वस्तूतून श्रोत्यापर्यंत पोहोचते ती वस्तू, तिची किंमत, तिचे वितरण आणि तिच्यामागचा करार या बाबी दुर्लक्षित राहतात. वास्तविक पाहता कलावंताच्या वाट्याला काय आले हे समजून घ्यायचे असेल तर याच बाबी निर्णायक ठरतात.

लिटल रिचर्ड या नावाने प्रसिद्ध झालेले रिचर्ड वेन पेनिमन (१९३२–२०२०) हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण आहे. नोव्हेंबर १९५५ ते १९५७ या अवघ्या दोन वर्षांत त्यांच्या गाण्यांनी अमेरिकेतील तरुण पिढीला झपाटून टाकले. ती गाणी एल्व्हिस प्रेस्ली यांनी गायिली, पॅट बून यांनी गायिली, पुढे इंग्लंडमध्ये बीटल्सनीही गायिली. मात्र स्वतः रिचर्ड यांचा पहिला अल्बम बाजारात आला तेव्हा त्यांतील चार गाणी प्रेस्ली यांच्या अल्बममधून त्याआधीच घरोघरी पोहोचलेली होती. हा कालक्रम आकस्मिक नाही. तत्कालीन संगीतव्यवसायाची रचना त्यातून स्पष्ट होते.

उद्दिष्टे

१. 'हिअर्स लिटल रिचर्ड' या अल्बमच्या निर्मितीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. १९५० च्या दशकातील पुनर्गायनाची प्रथा आणि तत्कालीन स्वामित्वहक्क कायदा यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. अल्बम या माध्यमाने कलावंताच्या ओळखीला दिलेले बळ आणि त्याच्या मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

मेकन ते न्यू ऑर्लिन्स

रिचर्ड यांचा जन्म ५ डिसेंबर १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील मेकन या शहरात झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे वर्णानुसार विभागलेली होती. पेनिमन कुटुंब मोठे होते आणि त्याचे जीवन चर्चशी बांधलेले होते. त्यामुळे भक्तिसंगीताचे म्हणजे गोस्पेलचे संस्कार रिचर्ड यांच्यावर बालपणीच झाले. १९४७ मध्ये सिस्टर रोझेटा थार्प या विख्यात गोस्पेल गायिकेने मेकन येथील कार्यक्रमात त्यांना रंगमंचावर गाण्याची संधी दिली. त्यानंतर फिरत्या करमणूक मंडळांतून ते दक्षिणेत हिंडले. या मंडळांत त्यांनी स्त्रीवेषातही भूमिका केल्या. अटलांटाचे ब्लूज गायक बिली राईट यांच्याकडून उंच केशरचना आणि चेहऱ्यावरील रंगभूषा त्यांनी उचलली, तर एस्केरिटा या पियानोवादकाचा प्रभाव त्यांच्या वादनावर पडला.

१९५१ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टर आणि १९५३ मध्ये ह्यूस्टन येथील पीकॉक या कंपन्यांसाठी त्यांनी ध्वनिमुद्रणे केली. परंतु त्यांना फारसे यश लाभले नाही. दरम्यान १९५२ मध्ये वडिलांची हत्या झाली आणि कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. मेकनच्या ग्रेहाऊंड बसस्थानकातील उपाहारगृहात ते भांडी विसळण्याचे काम करीत. 'टुटी फ्रुटी' या गीताचा आरंभीचा निरर्थक अक्षरांचा घोष आपल्याला याच काळात सुचला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ज्याला मालकासमोर उलट उत्तर देण्याची मुभा नव्हती, त्या कामगाराचा तो घोष होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

फेब्रुवारी १९५५ मध्ये गायक लॉइड प्राईस यांच्या सल्ल्यावरून त्यांनी नमुन्याची ध्वनिफीत स्पेशॅलिटी रेकॉर्ड्सकडे पाठवली. या कंपनीचे संस्थापक आर्ट रूप (१९१७–२०२२) हे व्यवसायाकडे शास्त्रीय नजरेने पाहणारे गृहस्थ होते. या क्षेत्रात उतरण्यापूर्वी त्यांनी सुमारे दोनशे डॉलर्सच्या तबकड्या विकत घेऊन, घड्याळ लावून त्यांच्या रचनेचा अभ्यास केला होता, ही बाब प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी निघणाऱ्या संगीताला तोपर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' असे अवमानकारक नाव होते. 'बिलबोर्ड' या व्यवसाय-साप्ताहिकाने १९४९ मध्ये ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे केले. नाव बदलले तरी यादी मात्र स्वतंत्रच राहिली. 'पॉप' संगीताची यादी आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी यांमधील भिंत ही पुढील सर्व घटनांची पार्श्वभूमी आहे.

सप्टेंबर १९५५ : एका ध्वनिमुद्रणाचा इतिहास

रूप यांनी रिचर्ड यांची जबाबदारी रॉबर्ट 'बम्प्स' ब्लॅकवेल या निर्मात्याकडे सोपवली. १३ व १४ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू ऑर्लिन्समधील नॉर्थ रॅम्पार्ट मार्गावरील जे अँड एम या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. स्टुडिओ म्हणजे कोझिमो मटासा यांच्या दुकानामागील एक लहानशी खोली होती. १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांचे पहिले ध्वनिमुद्रण याच खोलीत झाले होते. डॉमिनो यांच्या मागे वाजवणारे अनेक वादक रिचर्ड यांनाही लाभले. त्यांत ड्रमवादक अर्ल पामर, सॅक्सोफोनवादक ली ॲलन व ॲल्विन 'रेड' टायलर आणि बासवादक फ्रँक फील्ड्स यांचा समावेश होता.

सुरुवातीची गाणी ब्लॅकवेल यांना निस्तेज वाटली. मधल्या सुटीत मंडळी ड्यू ड्रॉप इन या कृष्णवर्णीयांच्या क्लबमध्ये गेली. तेथे पियानोसमोर बसताच रिचर्ड यांनी क्लबमधील श्रोत्यांसाठी राखून ठेवलेले 'टुटी फ्रुटी' हे अश्लील आशयाचे गाणे गाऊन दाखवले. त्या गाण्यातील सामर्थ्य ब्लॅकवेल यांनी ओळखले. परंतु त्याचे शब्द नभोवाणीवर जाणे अशक्य होते. डोरोथी लाबोस्त्री या तरुण गीतलेखिकेला बोलावून नवे शब्द लिहून घेण्यात आले. मूळ शब्द एका स्त्रीसमोर उच्चारण्याचा रिचर्ड यांना इतका संकोच वाटला की त्यांनी भिंतीकडे तोंड करून ते म्हटले, असे सांगितले जाते. वेळ संपत आला होता. दुसऱ्या पियानोवादकाला चाल शिकवण्यास सवड नसल्याने रिचर्ड स्वतःच पियानोवर बसले आणि काही मिनिटांतच गाणे मुद्रित झाले.

या प्रसंगाच्या कथनात एक मतभेद आहे आणि इतिहासलेखनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. संपूर्ण गाणे आपणच लिहिले, असा दावा लाबोस्त्री यांनी पुढे केला. ब्लॅकवेल आणि रिचर्ड यांच्या कथनात मात्र त्यांच्याकडे केवळ शब्दांच्या सफाईचे श्रेय येते. क्लबमध्ये, तोंडातोंडी, वर्षानुवर्षे घडत आलेल्या गाण्याला एकच लेखक असावा ही कायद्याची अपेक्षा आणि त्या गाण्याची प्रत्यक्ष घडण यांतील अंतर या वादातून दिसते. अलिखित परंपरेतील कलेची कागदावर नोंद होते तेव्हा मालकी कोणाच्या नावे लागते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

संगीतदृष्ट्याही या ध्वनिमुद्रणात एक महत्त्वाचा बदल घडला. तोवरच्या रिदम अँड ब्लूज संगीतात ड्रमचा ठेका झुलता, डुलत चालणारा असे. रिचर्ड मात्र उजव्या हाताने पियानोच्या पट्ट्यांवर सम अंतराचे सलग आघात करीत. अर्ल पामर यांनी पुढे मुलाखतींत सांगितले की या आघातांशी जुळवून घेताना त्यांना आपला झुलता ठेका सोडावा लागला आणि सरळ, सम विभागांचा ठेका धरावा लागला. रॉक संगीताचा जो ठेका आज सर्वपरिचित आहे त्याच्या घडणीत या जुळवणीचा वाटा मोठा आहे. या वादकांना त्या दिवसाचे ठरलेले मानधन मिळाले. ठेक्यावर मात्र कोणाचाच हक्क नोंदवला गेला नाही. पामर यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते २००० साली.

पुनर्गायनाची प्रथा आणि कायद्याची चौकट

'टुटी फ्रुटी' १९५५ च्या अखेरीस बाजारात आले आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पॉप यादीत त्याने गाठलेले सर्वोच्च स्थान १७ वे होते. १९५६ च्या आरंभी डॉट रेकॉर्ड्स या कंपनीने हेच गाणे पॅट बून या गौरवर्णीय, सौम्य प्रकृतीच्या गायकाकडून गाऊन घेतले. बून यांची आवृत्ती पॉप यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेली. मूळ गाणे मागे पडले आणि त्याचे अनुकरण पुढे गेले. बून यांच्यासाठी शब्द आणखी सोज्ज्वळ करण्यात आले आणि त्या बदलापोटी जो लुबिन यांचे नावही गीतकारांत दाखल झाले.

या घटनेकडे केवळ व्यक्तीच्या अप्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून पाहिले तर तिचे खरे स्वरूप लक्षात येत नाही. बून यांनी कोणताही कायदा मोडलेला नव्हता. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद होती. गीत एकदा ध्वनिमुद्रित झाले की अन्य कोणालाही ते मुद्रित करता येत असे; त्यासाठी प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट एवढी रक्कम हक्कधारकाला देणे पुरेसे होते. गायकाचा आवाज, वाद्यमेळाची रचना, उच्चारण्याची लकब यांना संघराज्याच्या कायद्यात कोणतेही संरक्षण नव्हते. १९५० मध्ये सुप्रीम रेकॉर्ड्स विरुद्ध डेक्का रेकॉर्ड्स या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने सांगीतिक मांडणीच्या अनुकरणाबद्दल दाद देण्यास नकार दिला होता. १९५५ मध्ये गायिका लाव्हर्न बेकर यांनी आपल्या गाण्याची हुबेहूब नक्कल झाल्यावर काँग्रेसचे सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायद्यात बदलाची मागणी केली. परंतु तिचा उपयोग झाला नाही. ध्वनिमुद्रणाला संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या दिवसापासून पुढे मुद्रित होणाऱ्या कृतींना. रिचर्ड यांची गाजलेली सर्व ध्वनिमुद्रणे त्या रेषेच्या अलीकडची होती. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना मर्यादित संघीय संरक्षण देणारा कायदा २०१८ मध्ये झाला.

आता प्रश्न उरतो तो दोन सेंटचा. ही रक्कम जात होती गीताचे प्रकाशनहक्क ज्याच्याकडे असतील त्याच्याकडे. रिचर्ड यांच्या गीतांचे हक्क होते रूप यांच्याच व्हेनिस म्युझिक या प्रकाशनसंस्थेकडे. याचा अर्थ असा की बून यांची तबकडी विकली गेली तरी रूप यांच्या संस्थेला उत्पन्न मिळत होते आणि प्रेस्ली यांची विकली गेली तरीही मिळत होते. पुनर्गायनाने नुकसान होत होते ते गायकाचे, प्रकाशकाचे नव्हे. कंपनी आणि कलावंत यांचे हितसंबंध येथे स्पष्टपणे वेगळे होतात. स्पेशॅलिटीबरोबरच्या करारानुसार आपल्याला प्रत्येक तबकडीमागे केवळ अर्धा सेंट मिळत असे, असे रिचर्ड यांनी पुढे वारंवार सांगितले. त्या काळातील छोट्या कंपन्यांचे करार सामान्यतः असेच एकतर्फी असत. तथापि, ज्या कलावंताला मोठ्या कंपनीने नाकारले होते त्याला संधी रूप यांनीच दिली, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

रिचर्ड आणि ब्लॅकवेल यांनी या परिस्थितीला दिलेले उत्तर कायद्याचे नव्हते, ते गळ्याचे होते. 'लाँग टॉल सॅली' हे पुढचे गाणे त्यांनी हेतुपुरस्सर इतक्या वेगाने बांधले की बून यांना ते शब्द त्या गतीने म्हणता येऊ नयेत. बून यांनी तेही गायिलेच. परंतु या वेळी पॉप यादीत रिचर्ड सहाव्या क्रमांकावर पोहोचले आणि बून आठव्या. ज्या आवाजाला कायदा मालमत्ता मानत नव्हता, त्या आवाजाला अनुकरणाच्या पलीकडे नेणे हाच कलावंताच्या हाती असलेला एकमेव हक्क होता. वेग, किंकाळी आणि तारसप्तकातील फेक ही रिचर्ड यांच्या शैलीची वैशिष्ट्ये केवळ स्वभावधर्म म्हणून नव्हे, तर या संघर्षाच्या संदर्भातही समजून घ्यावी लागतात.

अल्बमचे स्वरूप आणि महत्त्व

दीर्घवादन तबकडी म्हणजे एल.पी. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली. १९४९ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी बाजारात आणली. दोन्ही माध्यमांचे ग्राहक वेगळे होते. एक डॉलरच्या आत मिळणारी छोटी तबकडी शाळकरी मुले आणि ज्यूकबॉक्सचे चालक घेत. साधारण चार डॉलर्सची मोठी तबकडी प्रौढांची मानली जाई आणि तिच्यावर अभिजात संगीत, संगीतिका व प्रस्थापित गायक यांचे वर्चस्व होते. मार्च १९५६ मध्ये प्रकाशित झालेला एल्व्हिस प्रेस्ली यांचा पहिला अल्बम रॉक अँड रोलचा पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम ठरला. त्यात 'टुटी फ्रुटी' होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये 'लाँग टॉल सॅली', 'रिप इट अप' आणि 'रेडी टेडी' ही तीन गाणी होती. अशा रीतीने रिचर्ड यांची चार गाणी एल.पी.च्या प्रतिष्ठित माध्यमात प्रथम पोहोचली ती दुसऱ्याच्या आवाजात.

डिसेंबर १९५६ मध्ये 'डोन्ट नॉक द रॉक' आणि 'द गर्ल कान्ट हेल्प इट' हे चित्रपट प्रदर्शित झाले. त्यांतून रिचर्ड यांची छबी देशभर दिसली. त्यानंतर मार्च १९५७ मध्ये 'हिअर्स लिटल रिचर्ड' आला. त्यात बारा गाणी होती आणि एकूण कालावधी अर्ध्या तासापेक्षाही कमी होता. सहा गाणी आधी छोट्या तबकड्यांवरून प्रसिद्ध झालेली होती आणि सहा नवी होती. बहुतांश ध्वनिमुद्रण न्यू ऑर्लिन्स येथे आणि उर्वरित लॉस एंजेलिस येथे झाले होते. अखंड कलाकृती म्हणून त्याची आखणी झालेली नव्हती. तो एक संकलित संग्रह होता. तरीही ही बारा गाणी सलग ऐकली असता त्यांत एक एकसंधता जाणवते. तीच पियानोची आघाती लय, तेच सॅक्सोफोनचे तुकडे आणि गोस्पेलमधून आलेला तोच फाटत जाणारा आवाज ही या एकसंधतेची कारणे आहेत. 'ओह व्हाय' आणि 'कान्ट बिलीव्ह यू वॉना लीव्ह' यांसारख्या संथ गाण्यांत ब्लूजची जुनी परंपरा स्पष्ट दिसते. छोट्या तबकडीवर ऐकू येणारा रिचर्ड म्हणजे निव्वळ जल्लोष असा जो समज होतो, तो अल्बम ऐकल्यावर टिकत नाही.

'मिस ॲन' हे गाणे या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. मेकनमध्ये टिक टॉक नावाचा क्लब चालवणाऱ्या एका गौरवर्णीय दांपत्याने आपल्याला आश्रय दिला होता आणि त्यातील ॲन या बाईंवरून हे नाव आले, असे रिचर्ड सांगत. दुसरीकडे दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'मिस ॲन' हा गोऱ्या मालकिणीसाठी वापरला जाणारा, उपरोधाची छटा असलेला सर्वसामान्य शब्द होता. एकाच नावात कृतज्ञता आणि सामाजिक अंतर या दोहोंचे सूचन व्हावे, हे त्या समाजरचनेचे बोलके उदाहरण आहे.

अल्बमची खरी नवलाई त्याच्या नावात आणि मुखपृष्ठात आहे. 'हा पाहा लिटल रिचर्ड' अशा अर्थाचे ते नाव म्हणजे गायकाची थेट ओळख आहे. मुखपृष्ठावर गाताना तोंड पूर्ण उघडलेला, घामाने भिजलेला रिचर्ड यांचा चेहरा अगदी जवळून दाखवलेला आहे. हा निर्णय त्या काळात साधा नव्हता. पुढे १९६५ मध्ये ओटिस रेडिंग यांच्या 'ओटिस ब्ल्यू' या अल्बमच्या मुखपृष्ठावर एका गौरवर्णीय तरुणीचे आणि १९६६ मध्ये आयझली ब्रदर्स यांच्या 'धिस ओल्ड हार्ट ऑफ माईन' या अल्बमवर एका गौरवर्णीय जोडप्याचे छायाचित्र छापण्यात आले, यावरून बाजाराची भीती किती दीर्घकाळ टिकली हे ध्यानात येते. फॅट्स डॉमिनो यांचे अल्बम रिचर्ड यांच्या आधी आले होते; परंतु शांत, हसतमुख डॉमिनो यांच्याहून हा चेहरा सर्वस्वी वेगळा होता. गीत कोणालाही गाता येत होते. हा चेहरा मात्र उसना घेता येणारा नव्हता. हा अल्बम 'बिलबोर्ड'च्या अल्बम यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यातील 'जेनी जेनी' हे गाणे त्यानंतर स्वतंत्र तबकडी म्हणून आले आणि पॉप यादीत दहाव्या स्थानी गेले.

वंशभेद, रंगमंच आणि श्रोतृवर्ग

शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल मे १९५४ मध्ये लागला. डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६ या काळात माँटगोमेरी येथे बसबहिष्काराचे आंदोलन चालले. 'टुटी फ्रुटी' ते 'हिअर्स लिटल रिचर्ड' हा प्रवास नेमका याच काळातला आहे. दक्षिणेतील वंशवादी संघटनांनी रॉक अँड रोलविरुद्ध उघड मोहीम चालवली होती. १० एप्रिल १९५६ रोजी बर्मिंगहॅम येथे नॅट किंग कोल यांच्यासारख्या मृदू आवाजाच्या, सर्वमान्य गायकावरही रंगमंचावर हल्ला झाला. सभागृहांत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय प्रेक्षकांना मध्ये दोर बांधून किंवा वरच्या-खालच्या मजल्यांवर वेगळे बसवले जाई. रिचर्ड यांच्या कार्यक्रमांत अनेकदा ही सीमारेषा पुसली जाऊन तरुण एकत्र नाचू लागत.

त्यांची रंगभूषा आणि स्त्रैण हावभाव यांचा अर्थही याच चौकटीत लावावा लागतो. गोऱ्या मुलींना आपल्यापासून धोका आहे असे गोऱ्या पुरुषांना वाटू नये म्हणून आपण हे रूप घेतले, असे त्यांनी नंतर सांगितले. हे स्पष्टीकरण पूर्ण सत्य मानण्याचे कारण नाही. स्वतःच्या लैंगिकतेबद्दल त्यांनी आयुष्यभर परस्परविरोधी विधाने केली आणि हे रूप त्यांना क्लबांच्या व फिरत्या मंडळांच्या परंपरेतूनही लाभले होते. परंतु ज्या समाजात कृष्णवर्णीय पुरुषाच्या एका नजरेलाही प्राणांची किंमत मोजावी लागत असे, त्या समाजात हे रूप कवचाचे काम करू शकले, ही वस्तुस्थिती आहे. बून यांच्याबद्दलही रिचर्ड यांची भूमिका दुहेरी होती. त्यांनी आपला बाजार घेतला अशी तक्रार ते करीत. त्याच वेळी, गोऱ्या मुलांच्या खोलीत बून यांची तबकडी वर मांडलेली आणि आपली खणात लपवलेली असे, असेही ते सांगत. लपवलेली तबकडीही घरात पोहोचलेली होती, हे यातून सूचित होते.

उत्तरकथा

ऑक्टोबर १९५७ मध्ये, म्हणजे अल्बम येऊन सात-आठ महिने होतात न होतात तोच, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना रिचर्ड यांनी हे संगीत सोडून धर्मकार्याकडे वळत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांनी अलाबामा राज्यातील ओकवुड महाविद्यालयात धर्मशिक्षण घेतले. स्पेशॅलिटीने मात्र साठवलेल्या ध्वनिमुद्रणांतून नवी गाणी काढणे चालू ठेवले. 'गुड गॉली मिस मॉली' हे १९५८ मध्ये गाजलेले गाणे त्यांपैकीच आहे. गायकाने गाणे थांबवले तरी त्याच्या आवाजाचा व्यापार थांबला नाही.

१९६२ पासून ते पुन्हा रंगमंचावर आले. बीटल्सनी १९६४ मध्ये 'लाँग टॉल सॅली' ध्वनिमुद्रित केले. व्हेनिस म्युझिककडील गीते पुढे ए.टी.व्ही. म्युझिक या संस्थेकडे गेली. १९८४ मध्ये रिचर्ड यांनी थकलेल्या मोबदल्यासाठी स्पेशॅलिटी, व्हेनिस आणि ए.टी.व्ही. यांच्यावर ११ कोटी २० लाख डॉलर्सचा दावा लावला. तो १९८६ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. ९ मे २०२० रोजी टेनेसी राज्यात त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

१. 'हिअर्स लिटल रिचर्ड' हा संकलित अल्बम असला तरी त्याने छोट्या तबकड्यांतून विखुरलेल्या आवाजाला नाव, चेहरा आणि सलगता दिली. गीत हिरावले जाऊ शकते अशा व्यवस्थेत गायकाने आपली ओळख प्रस्थापित केल्याचा तो दस्तऐवज आहे.

२. पुनर्गायनामुळे कृष्णवर्णीय कलावंतांवर झालेला अन्याय केवळ वैयक्तिक वृत्तीतून उद्भवला नाही. गीताला मालमत्ता मानणारा आणि आवाजाला न मानणारा कायदा, वर्णानुसार विभागलेला बाजार आणि एकतर्फी करार या तिहींच्या संयोगातून तो घडला.

३. प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवणाऱ्या कंपनीला मूळ गायन आणि अनुकरण या दोन्हींतून लाभ होत असे. त्यामुळे कंपनीचे यश म्हणजे कलावंताचे यश, हे समीकरण तपासून घेणे आवश्यक ठरते.

४. रिचर्ड यांच्या गायनातील वेग आणि आक्रोश यांना सौंदर्यमूल्याबरोबरच संरक्षणाचे मूल्यही होते. ज्याची नक्कल अवघड आहे ते काही अंशी आपलेच राहते, या जाणिवेतून ती शैली अधिक धारदार झाली.

५. अल्बमने ओळख दिली. मालकी दिली नाही. आवाज, चेहरा आणि नाव एका वेष्टनात एकत्र आले, तरी त्या वेष्टनावरील हक्क कंपनीचाच राहिला. आपणच या संगीताचे शिल्पकार आहोत, असे रिचर्ड आयुष्याच्या अखेरीपर्यंत व्यासपीठांवरून सांगत राहिले. अनेकांना तो आत्मगौरव वाटला. करारपत्रावर जे लिहिले गेले नव्हते ते तोंडाने पुन्हा पुन्हा नोंदवण्याचा तो प्रयत्न होता, असे या इतिहासाच्या आधारे म्हणता येते.